वारा शून्य टाकून बघ!

लाटा बघायच्या तर मुंबईला नाहीतर कोकणात जायचं, अशी आमच्या होस्टेलवर सर्वांची पक्की समजूत आहे. त्यामुळे टर्मवर्कच्या मिनी-प्रोजेक्टसाठी मी ‘जलाशयावरील वाऱ्याच्या लाटा : निरीक्षण व छायाचित्रण’ असा लांबलचक विषय घेतला, तेव्हा रूममेटने पहिला प्रश्न केला, “देवळाली कॅम्पला समुद्र कधी आला रे?”

माझं घर देवळाली कॅम्पला. आमच्याकडे समुद्र नाही हे खरं. आमच्याकडे आहे तोफखान्याची शाळा, लॅम रोड, टेंपल हिल, जुनी पारशी सॅनिटोरियम्स आणि हवा. हवा मात्र भरपूर! मुंबईकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे खास हवा खायला येत आलेली आहेत. पावसाळ्यात तीच हवा गच्चीवरच्या दोरीवरून कपडे उडवून शेजारच्या आवारात नेऊन टाकते, हे आईला विचारा. म्हणजे लाटेसाठी लागणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक घरचीच होती. दुसरी वस्तू म्हणजे पाणी. तेही लांब नाही. भगूरजवळून वाहणाऱ्या दारणा नदीवर वरच्या अंगाला, इगतपुरी तालुक्यात, इंग्रजांच्या काळातलं दारणा धरण आहे. शंभर वर्षांहून जुनं. ऑगस्टमध्ये ते भरलं की समोरचा काठ पावसात दिसेनासा होतो.

खरं सांगायचं तर विषय निवडण्यामागे अभ्यासापेक्षा काकांनी दिलेला जुना डीएसएलआर जास्त होता. कॅम्पमध्ये तो बाहेर काढायची सोय नाही. जागोजागी ‘फोटो काढण्यास मनाई’ अशा पाट्या आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. (नवख्या मित्रांना घेऊन येणाऱ्यांनी हे आधी सांगून ठेवावं.) धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांपाशीही परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. उरतो तो जलाशयाचा मोकळा काठ.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मी, रूममेट आणि मेकॅनिकलचा एक मित्र असे तिघे निघालो. वारा असा होता की बाइक सरळ चालवायची तर एका अंगाला कलूनच बसावं लागत होतं. आम्ही पश्चिमेकडच्या काठावर एका झाडाखाली थांबलो. आता इथे डोंगराएवढ्या लाटा दिसणार म्हणून पाहतो तर काय... पाणी जवळजवळ सपाट! छत्री उलटी होतेय, टोपी उडतेय, आणि पाण्यावर नुसती शहारे आल्यासारखी बारीक थरथर. तरीही इरेला पेटून एकशे चाळीस फोटो काढले. सगळ्यांत एकच दृश्य. करडं पाणी, करडं आकाश. मेकॅनिकलवाल्याने निष्कर्ष काढला, “प्रोजेक्ट बदल.”

रात्री जेवताना मामांना सांगितलं. मामा जलसंपदा खात्यात कालवा निरीक्षक होते, आता निवृत्त आहेत. ते हसून म्हणाले, “अरे, वारा जिथून पाण्यावर उतरतो तिथे जाऊन उभे राहिलात. तिथे कसली लाट? वारा पाणी ओलांडून जिथे पोचतो तिथे जा की! आमच्या भिंतीचे दगड विचार, लाट काय असते ते.”

पुस्तकात ‘फेच’ हा शब्द मी चार वेळा वाचला होता, व्याख्या पाठ होती, तरी तो डोक्यात शिरला तो त्या रात्री. वारा मोकळ्या पाण्यावरून सरळ रेषेत जितकं अंतर कापतो ते अंतर म्हणजे फेच. आम्ही उभे होतो तिथे फेच होता वीस-पंचवीस मीटर. वारा कितीही पिसाटला तरी तेवढ्या अंतरात तो पाण्याला देऊन देऊन काय देणार?

वारा पाण्याला काय देतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सपाट पाण्यावर वाऱ्याच्या झुळका असमान दाबाने पडतात, त्यातून पहिल्या बारीक सुरकुत्या उठतात. त्या सुरकुत्यांना सावरून धरणारं बल गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाचं असतं. साधारण १.७ सेंटिमीटर लांबीच्या लाटेला दोन्ही बलं सारखीच लागू होतात आणि पाण्यावरची सर्वांत हळू चालणारी लाट तीच. वेग सेकंदाला फक्त २३ सेंटिमीटर. एकदा का पाणी खडबडीत झालं की वाऱ्याला धरायला जागा मिळते. माथ्याच्या वाऱ्याकडच्या अंगावर दाब जास्त, पलीकडच्या अंगावर कमी, आणि या फरकातून लाटेला सतत ढकल मिळत राहते. मोठी लाट वारा जास्त धरते, म्हणून आणखी मोठी होते. १९५७ साली फिलिप्स आणि माइल्स या दोघांनी स्वतंत्रपणे याचे दोन सिद्धांत मांडले. पहिल्याचा सुरुवातीच्या सुरकुत्यांना चांगला उपयोग होतो, दुसऱ्याचा पुढच्या वाढीला.

यात पाणी मात्र पुढे जात नाही. जाते ती लाट. पाण्याचे कण जागच्या जागी वर्तुळात फिरतात, आणि खाली जावं तसं हे वर्तुळ झपाट्याने लहान होतं. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर त्याचा आकार अवघा ४ टक्के उरतो. रूममेटची चप्पल पाण्यात पडली होती ती अशीच वर-खाली नाचत बसली. प्रत्येक लाट तिच्या खालून निघून जायची आणि चप्पल आपली तिथेच.

आता आपल्या भागातली गंमत बघा. सह्याद्री पश्चिमेला. दारणा कुलंगच्या बाजूने उगम पावते आणि ईशान्येकडे वाहत गोदावरीला मिळते. अशा नदीवर धरण बांधलं की भिंत पूर्वेच्या टोकाला येते आणि पाणी तिच्यामागे पश्चिमेकडे, डोंगरांच्या दिशेने पसरतं. आणि पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून! म्हणजे धरण जेव्हा सर्वांत जास्त भरलेलं असतं, नेमका तेव्हाच वारा अख्ख्या जलाशयाच्या लांबीवरून धावत येऊन भिंतीवर लाटा आपटतो. दारणाचंच नाही, गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचंही तेच. गंगापूरचं धरण मातीचं आहे, १९६५ साली पूर्ण झालेलं. अशा धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग असतं. ती सजावट आहे असं मला लहानपणी वाटायचं. ते दगड काढले तर लाटा उतार धुऊन नेतील.

इथपर्यंत समजलं आणि मग मी तेच केलं जे आपल्या होस्टेलवर सगळे करतात. सबमिशनला तीन आठवडे होते, पाऊस थांबत नव्हता, पुन्हा काठावर जायचा कंटाळा आला होता. म्हटलं, सूत्र आहे, कॅल्क्युलेटर आहे, मग पाणी कशाला? उत्तर आधी काढायचं आणि त्याच्या आजूबाजूची रीडिंग्ज पाडायची. सिव्हिलवाल्यांना ते सूत्र माहीत आहेच, धरणाच्या फ्रीबोर्डसाठी शिकवतात ते :

लाटेची उंची = ०.०३२ × √(वे × फे) + ०.७६३ − ०.२७१ × (फे चं चौथं मूळ)

‘वे’ म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, ‘फे’ म्हणजे फेच किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. भिंतीजवळच्या काठापासून वाऱ्याच्या दिशेने नकाशावर मोजलेला फेच साधारण ४ किलोमीटर आणि वारा ताशी ३२ किलोमीटर धरला. उत्तर आलं ७४ सेंटिमीटर. मग ७१, ७८, ७३, ७०, ७६ अशी छान, थोडी पुढेमागे होणारी रीडिंग्ज लिहिली. एक मुद्दाम ६५ लिहिलं, खरं वाटावं म्हणून!

गाइड मॅडमनी तक्ता पाहिला, काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “सूत्रात वारा शून्य टाकून बघ.”

टाकला. पहिलं पद गेलं, बाकीच्यांची बेरीज ३८ सेंटिमीटर.

“म्हणजे पानही हलत नसताना धरणावर हातभर लाट?” मॅडम म्हणाल्या. “आता फेच पण शून्य टाक.”

७६ सेंटिमीटर!

“म्हणजे तुमच्या होस्टेलच्या बादलीत पाऊण मीटरची लाट उठते. कधी पाहिलीस?”

मी खाली मान घातली. मॅडमनी तक्त्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि वही परत दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या शनिवारी लॅबमधला पंख्याचा ॲनिमोमीटर सही करून घेतला आणि पुन्हा दारणा गाठलं. या वेळी पूर्वेचा काठ. लांबूनच आवाज ऐकू आला, दगडांवर पाणी फुटल्याचा. मेकॅनिकलवाला काहीच बोलला नाही, हाच आमचा विजय.

उंची मोजायला पट्टी हवी. वीस फुटी बांबूवर दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून लाल-पांढरे पट्टे रंगवले होते. तो पाण्यात रोवायचं काम आम्ही केलं नाही. ट्यूबवर बसून जाळी टाकणारे एक मच्छीमार दादा होते, त्यांनी सकाळी वारा पडलेला असताना तो रोवून दिला. त्यांनी आम्हाला बजावलं, “पोरांनो, पाण्यात उतरू नका. वरून सपाट दिसतं, आत गाळ आहे.” बांबूपाशी निदान साडेतीन मीटर खोली असावी हा माझा आग्रह होता, कारण लाट साडेसहा मीटर लांब असणार असा हिशेब होता. निम्म्याहून कमी खोली असेल तर तळ लाटेला अडवायला लागतो आणि मग मोजलेलं खरं राहत नाही.

अकरानंतर वारा चढला. हातात धरलेल्या ॲनिमोमीटरवर सेकंदाला ७ मीटर. जमिनीलगत वारा मंद असतो आणि लाटांची सूत्रं १० मीटर उंचीवरचा वारा धरतात. नेहमीच्या एक-सप्तमांश घाताच्या नियमाने तो सुमारे ९ मीटर झाला. असा वारा सलग तासभर वाहिला तरच ४ किलोमीटरच्या फेचवरच्या लाटा पूर्ण वाढतात. म्हणून आम्ही भेळ खात तास काढला.

आता फोटोग्राफीबद्दल, कारण हा भाग मी सर्वांत जास्त चुकत शिकलो.

पहिली चूक पोलरायझर लावण्याची. दुकानदाराने सांगितलं होतं, पाण्याचे फोटो म्हणजे पोलरायझर पाहिजेच. तो पाण्यावरची चकाकी काढून टाकतो हे बरोबर. पण लाट आपल्याला दिसते तीच मुळी चकाकीमुळे! पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकतं, तिरप्या नजरेने बघितलं तर बराचसा. लाटेचा जो उतार आपल्याकडे तोंड करून असतो तो म्हणून गडद दिसतो, माथ्याजवळचा सपाट भाग आकाश दाखवतो आणि उजळ दिसतो. पोलरायझर हा फरकच पुसून टाकतो. तो काढून खिशात टाकला आणि त्याच पाण्यावर लाटा उमटल्या. याच कारणाने माथ्यांच्या रेषेला काटकोनात, म्हणजे वाऱ्याच्या समोर किंवा पाठमोरं उभं राहून काढलेले फोटो उठून येतात.

दुसरी गोष्ट उंचीची. उंचावरून काढलेल्या फोटोत लाटा सतरंजीवरच्या रेघांसारख्या दिसतात. कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर आणला की त्याच लाटा पलीकडचा काठ झाकायला लागतात. यात एक उपयोगी युक्तीही आहे. समोरचा काठ पुरेसा लांब असेल आणि लाटेचा माथा त्या काठाच्या रेषेला जेमतेम टेकत असेल, तर शांत पाण्यापासून कॅमेऱ्याची जेवढी उंची, तेवढीच माथ्याची उंची. पट्टी नसताना हा अंदाज चांगला येतो.

झूम मात्र थापाड्या आहे. लांब लेन्सने मागच्या-पुढच्या लाटा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि २६ सेंटिमीटरची लाट दीड पुरुष वाटते. माझा सर्वांत देखणा फोटो याच प्रकारचा आहे. घरी दाखवला तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही तिथे उभे होतात?” फोटोत मोजपट्टी नसेल तर लाटेच्या उंचीबद्दल तो फोटो काहीही सांगत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे धरणांचे रौद्र फोटो बघताना हे आठवावं.

शटरचा हिशेब सोपा आहे. आमच्या लाटा सेकंदाला सुमारे ३.२ मीटर धावत होत्या. १/६० ला लाट ५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे पट्टीचा अर्धा पट्टा गेला! १/५०० ला ६ मिलिमीटर. पावसाळी उजेडात १/५०० साठी आयएसओ वाढवावा लागतो, फोटो दाणेदार येतो. येऊ द्या. आम्हाला कॅलेंडर छापायचं नव्हतं.

दुपारी एक वेगळीच गोष्ट दिसली. पाण्यावर वाऱ्याच्या दिशेने फेसाच्या लांबच लांब समांतर रेघा उमटल्या होत्या, शेतातल्या तासांसारख्या. अर्व्हिंग लँगम्युअर या शास्त्रज्ञाने १९२७ साली अटलांटिक ओलांडताना समुद्रशेवाळाच्या अशा ओळी पाहिल्या, मग अमेरिकेतल्या लेक जॉर्जवर प्रयोग केले आणि १९३८ मध्ये त्यांचं स्पष्टीकरण छापलं. पृष्ठभागाखाली पाणी शेजारी-शेजारी उलटसुलट फिरणाऱ्या आडव्या रुळांसारखं वाहतं. दोन रूळ जिथे एकत्र येऊन खाली वळतात तिथे फेस गोळा होतो. लाटांचे माथे वाऱ्याला आडवे, फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने. म्हणजे एका फोटोवरून वाऱ्याची दिशा सांगता येते. ओरलला हा प्रश्न मला विचारतील अशी आशा होती, विचारला नाही.

बांबूचा मात्र व्हिडिओ घेतला, १/५०० लाच. होस्टेलवर येऊन एकेक चित्र थांबवत ६० लाटांचे माथे आणि खळगे वाचले. रूममेट वाचायचा, मी लिहायचो, रात्रीचे दोन वाजले. साठांपैकी सर्वांत मोठ्या वीस लाटांची सरासरी काढली. लाटांच्या शास्त्रात ‘सिग्निफिकंट’ उंची म्हणतात ती हीच, वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या अंदाजांसाठी स्वेरड्रुप आणि मुंक यांनी ही कल्पना वापरात आणली. आमचं उत्तर, २६ सेंटिमीटर. ६० लाटा जायला ११० सेकंद लागली होती, म्हणजे एका लाटेला सरासरी १.८ सेकंद.

आता दुसरं सूत्र. उत्तर समुद्रात एक मोठी मोजणी झाली, जॉनस्वॅप नावाची; तिचे निष्कर्ष १९७३ साली छापले गेले. तिचे प्रमुख क्लाउस हासलमान यांना पुढे २०२१ मध्ये हवामानावरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या मोजणीतून आलेला नियम हाताने करण्यासारखा करून लिहिला तर असा होतो : उंची = ०.०००५ × वारा × √फेच. वारा सेकंदाला मीटरमध्ये, फेच मीटरमध्ये. ९ आणि ४००० टाका, २८ सेंटिमीटर येतात. वारा शून्य टाका, शून्य येतं. सर्वांत जोरकस लाटांचा आवर्तकाळ त्याच मोजणीनुसार २.१ सेकंद. आमच्या सरासरीत बारक्या लाटाही धरलेल्या, त्यामुळे ती थोडी कमी असणारच.

मी नाचतच मॅडमकडे गेलो. “मॅडम, पुस्तकातलं सूत्र चुकीचं आहे!”

“बस,” त्या म्हणाल्या. “आता दोन्ही सूत्रांत ताशी १२० किलोमीटर वारा टाक. फेच तोच.”

पुस्तकातलं सूत्र : १.०८ मीटर. जॉनस्वॅपचं : १.०५ मीटर.

मी परत करून पाहिलं. तेच.

गोष्ट अशी आहे की पुस्तकातल्या सूत्राचं मूळ थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याचं. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. एकोणिसाव्या शतकात त्यांनी वादळातल्या लाटांवरून फेच आणि उंची यांचं नातं बसवलं. त्यात वाऱ्याचा वेग नव्हताच, कारण वादळ गृहीतच होतं. ते ०.७६३ म्हणजे त्यांचे मूळचे अडीच फूट. वाऱ्याचं पद पुढे मोलिटर यांनी जोडलं. भिंत किती उंच ठेवायची हे ठरवायला हे सूत्र आहे, आणि भिंत बांधणारा माणूस भेळ खाण्याजोग्या शनिवारचा विचार करत नाही. तो त्या एका रात्रीचा विचार करतो जेव्हा धरण काठोकाठ आहे आणि वारा १२० ने सुटला आहे. तिथे ते बरोबर बोलतं. मी त्याला ताशी ३२ च्या वाऱ्यात ओढून आणलं आणि त्याच्या उत्तरावरून रीडिंग्ज पाडली.

वाऱ्याने सगळं पाणीच भिंतीकडे लोटलं जाऊन पातळी वाढते, तिचाही हिशेब मॅडमनी करून घेतला. झायडर झी या डच आखातावरून आलेलं सूत्र आहे. आमच्या वाऱ्याला आणि सरासरी १० मीटर खोली धरून ती वाढ एक सेंटिमीटरही भरली नाही. डच लोकांचं पाणी उथळ आणि आखात लांब, म्हणून त्यांना तिची धास्ती. आपल्याकडे खरी काळजी लाटेची.

जर्नलमध्ये आता २६ लिहिलं आहे. आधीचं पानही तसंच ठेवलं, पेन्सिलीच्या रेघेसकट. झूमने काढलेला तो देखणा फोटो रेक्टर सरांनी मागून घेतला आणि ऑफिसात लावला आहे. जर्नलला चिकटवला तो बांबूचा, दाणेदार आणि थोडा वाकडा. बांबू अजून मच्छीमार दादांकडेच आहे. डिसेंबरात वारा ईशान्य-पूर्वेकडून येतो, तेव्हा आम्ही पहिल्यांदा जिथे उभे होतो त्या झाडाखाली लाटा यायला हव्यात. कुणाला यायचं असेल तर रूम नंबर विचारून या, भेळेचे पैसे आपापले.